झुंबरबाईच्या हातचं

पारनेरपासून दोन कोसांवरच्या एका गावात झुंबरबाई नावाची बाई राहायची, आणि तिच्यावर तीन माणसं मारल्याचा आरोप होता. पोलिसांत कुणी गेलं नव्हतं. पोलिसांना पुरावा लागतो. भावकीला नुसती सून पुरते.

ही सून त्रेसष्ट साली, सतरा वर्षांची असताना, घरात आली. पासष्ट साली सासरे गहिनीनाथ पोटाच्या दुखण्यानं गेले. एकाहत्तर साली चुलत दीर गेला. पंच्याहत्तर साली तिचा नवरा कानिफनाथ गेला, तेव्हा त्याचं वय सदतीस होतं. तिघांचं दुखणं एकाच तऱ्हेचं. आधी आंबट ढेकर, मग भाकरीवरची वासना उडायची, मग ओकाऱ्या, मग अंगाचा सापळा, आणि शेवटी डॉक्टरचं 'आता घरीच न्या'. भावकीनं डोकं चालवलं. तिघांच्या पोटात काय गेलं होतं? कालवण-भाकरी. ती कुणी रांधली होती? झुंबरीनं. खटला एका बैठकीत निकालात निघाला. आरोपीला समोर बोलवायचं कुणाला सुचलं नाही, कारण ती आत त्याच बैठकीसाठी चहा उकळत होती. तो चहा सगळ्यांनी प्यायला. चहाला भाकरीचे नियम लागू नसावेत.

त्या दिवसापासून भावकीत लग्न असो की जागरण-गोंधळ, झुंबरबाई निवडायला चालायची, भांडी घासायला तर फारच चालायची, फोडणीला मात्र चालायची नाही. चुलीपासून चार हात लांब बसून ती पोतंभर कांदे चिरून द्यायची आणि कांदा तेलात पडायच्या आधी तिला कुणीतरी दुसरं काम सांगायचं.

तिचे थोरले दीर रंगनाथ हे भावकीचे म्होरके. सगळे त्यांना तात्या म्हणत. कानिफनाथाचं तेरावं झालं आणि तात्यांनी झुंबरबाईच्या एकुलत्या मुलाला, आठ वर्षांच्या सहादेवाला, आपल्या चुलीवर जेवायला नेलं. 'पोरगं वाचवलं' असं ते पुढं वीस वर्षं एसटी स्टँडवर सांगत राहिले. ऐकणाऱ्याला वाटावं की विहिरीत उडी घेऊन काढलं. झुंबरबाई अंगणाच्या अलीकडच्या दोन खणांत राहायची, तात्यांचं घर पलीकडं. मधे वीस पावलं. तेवीस वर्षं पोरगा वीस पावलांवर जेवत होता आणि आई एकटीची भाकरी थापत होती. बाकी सगळं तिनं कानाआड केलं, पण हे मात्र तिला रोज, दोन्ही वेळेला, लागायचं.

म्हणून ती गप्प बसून सोसणारी बाई होती असं कुणी समजू नये. तिच्या जिभेला पाणी पाजलेलं होतं. एकदा शेजारणीनं तिनं दिलेला लाडू घेताना हात मागं घेतला, तेव्हा झुंबरबाई म्हणाली, "खा गं. तू काय आमच्या भावकीची न्हाईस, तुला हळूहळू लागंल." शेजारणीनं भिडेपोटी लाडू खाल्ला आणि पुढं आठ दिवस ती पोट चाचपत हिंडली.

पोटासाठी झुंबरबाई रोज सकाळच्या गाडीनं पारनेरला जायची. तिथल्या मुलांच्या एका वसतिगृहात ती त्र्याऐंशी सालापासून स्वयंपाकीण होती. ऐंशी पोरं तिच्या हातचं खाऊन दहावी व्हायची. पंधरा वर्षांत एकाच्याही पोटाला काही झालं नाही. दुखलंच तर परीक्षेच्या दिवशी दुखायचं आणि सुट्टी लागली की थांबायचं. ही गोष्ट कुणी भावकीच्या नजरेला आणून दिली की भावकीकडं उत्तर तयार असायचं, "तिचं जहर घरच्यांनाच लागतंय, परक्याला न्हाई." एवढ्या एका वाक्यात भावकी विज्ञानाच्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोचली होती. तिथं थुंकून ती परत फिरली.

अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर गावात एक जीप आली. जीपमध्ये पुण्याहून आलेली डॉक्टरीण होती, प्रज्ञा नावाची. मूळची नगरचीच. राहुरीकडचा एक तरुण आदल्या वर्षी पोटाच्या कर्करोगानं तिच्या डोळ्यांदेखत गेला होता. जायच्या आधी तो म्हणाला होता, आई यानंच गेली आणि मामाही यानंच गेला. मामाचं गाव त्यानं सांगितलं ते हे. एकाच घराण्यात हा रोग पुन्हा पुन्हा का येतो, याचा अभ्यास ती करत होती.

तात्यांनी तिला ओसरीवर बसवलं, चहा सांगितला, आणि चहा यायच्या आत आडनाव विचारलं. तिनं आडनाव सांगितलं. तिचे आजोबा छप्पन साली बौद्ध झाले होते, हे त्या आडनावावरून तात्यांना कळायचं तेवढं कळलं, आणि दारापर्यंत आलेला कपबशीतला चहा आत परत जाऊन काचेच्या ग्लासातून बाहेर आला. असले ग्लास वेगळ्या कोनाड्यात असतात, हे डॉक्टरणीला लहानपणापासून ठाऊक होतं. तिनं चहा पिऊन टाकला आणि वही उघडली.

"मला तुमची वंशावळ हवी," ती म्हणाली.

तात्यांची कळी खुलली. दर चारपाच वर्षांनी भाट येऊन त्यांच्या अकरा पिढ्या वाचून दाखवायचा आणि शिधा घेऊन जायचा. तात्यांना त्या तोंडपाठ होत्या. त्यांनी डोळे मिटून बापामागून बाप सांगितला. डॉक्टरणीनं सगळे लिहून घेतले.

"आणि मुली?" तिनं विचारलं.

"मुलींचं काय?"

"किती होत्या, कुठं दिल्या, कशानं गेल्या?"

"दिलेल्या लेकी त्या घरच्या," तात्या म्हणाले. "त्या कशानं गेल्या ते त्या घरी इचारा."

पानावर अकरा पिढ्या उतरल्या होत्या आणि त्यांत औषधालाही बाई नव्हती. बापाला मुलगा, त्या मुलाला पुढचा मुलगा, असा हा कारभार अकरा पिढ्या बाईमाणसाचे उपकार न घेता चालला होता. डॉक्टरणीनं मग विचारलं की पोटाच्या दुखण्यानं कोण कोण गेलं. तात्यांनी तीन नावं सांगितली आणि अंगणापलीकडं बोट केलं, "त्याचं कारन तिकडं ऱ्हातंय. रक्तात न्हाई काय शोधायचं."

डॉक्टरीण उठली आणि वीस पावलं चालून कारणाकडं गेली.

झुंबरबाईची त्या दिवशी सुट्टी होती. दारात उभ्या बाईला तिनं खालून वर पाहिलं. "चा घेनार का? आदीच सांगते, माझ्या हातचा हाय."

"घेते," डॉक्टरीण म्हणाली आणि चुलीपाशी पाटावर बसली. तिनं दुसऱ्यांदाही मागून घेतला, तेव्हा झुंबरबाईची गाठ सैल झाली. डॉक्टरणीनं राहुरीच्या तरुणाची हकिगत सांगितली आणि तिलाही तेच विचारलं, या घरच्या मुली कुठं दिल्या आणि कशानं गेल्या.

पस्तीस वर्षांत हा प्रश्न झुंबरबाईला कुणी विचारला नव्हता. उत्तर मात्र पाठ होतं. "सासऱ्यांची थोरली भन गोजरबाई. आपल्या नगरकडच्या अकोल्याला डोंगरात दिलेली, भाताच्या मुलखात. मी या घरात यायच्या सा वर्सं आदी गेली, पोटानंच. तिनं माझं तोंडबी पाह्यलं न्हाई, भाकरी कुठली. माझी ननंद राहुरीला. तिचं लगीन माझ्या आदी झालेलं. म्हायेरी आली का माझ्या थोरल्या जावेच्या, आक्काच्या चुलीवर जेवायची. ती गेली. तिचा ल्योक गेला, त्यो तुमाला ठावं हायच."

"हे कधी कुणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं की. म्हनाले, दिलेल्या लेकी कशाला उकरती."

डॉक्टरणीनं नवं पान घेतलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आणि या दुखण्यानं गेलेल्याला काळं. नुसते चौकोन होते तोवर तीन काळे डाग कुठंही सांडल्यासारखे दिसत होते. मधे गोल बसवले तशी वरून खाली एक सरळ ओळ उतरली. झुंबरबाईला अक्षर येत नव्हतं, पण काळ्या शेळीची करडं ओळखायला अक्षर लागत नाही.

"हे हातात नाही, रक्तात आहे," डॉक्टरीण म्हणाली. "आईच्या नाहीतर बापाच्या रक्तातून एखादी खोट मुलांत उतरते. सगळ्यांत नाही, साधारण निम्म्यांत. उतरली त्याला रोग होईलच असं नाही, पण इतरांपेक्षा त्याला भीती पुष्कळ जास्त. परदेशात अशाच एका घराण्यातली खोट यंदा सापडली आहे. तुमच्याकडं तीच आहे की दुसरी कुठली, ते रक्त तपासल्याशिवाय कळायचं नाही."

"अन तिखटानं? शिळ्यापाक्यानं?"

"खारट, जळकं, शिळं यांचाही थोडा हात असतो. पण ते तर सगळं गाव खातं. जातात मात्र एकाच घरची माणसं."

झुंबरबाई उठली आणि उगाचच परातीवरचं फडकं झटकू लागली. तिला इतका आनंद झाला होता की हात कुठं ठेवावेत ते कळेना. हे पान घ्यावं, खळ लावून भैरोबाच्या देवळाच्या भिंतीला चिकटवावं आणि भावकीतल्या एकेकाचं नाक त्यावर घासावं, असं तिच्या मनात आलं. पहिलं कुणाचं, तेही ठरलं. मग ती पुन्हा पानावर वाकली. तिच्या नवऱ्याच्या काळ्या चौकोनाखालून एक रेघ निघाली होती आणि रेघेच्या टोकाला एक रिकामा चौकोन होता.

"ह्यो कोन?"

"तुमचा मुलगा."

चुलीवर पुन्हा ठेवलेला चहा उतू गेला तरी ती त्या चौकोनाकडं बघत राहिली. सहादेव तेव्हा एकतीस वर्षांचा होता, टेम्पोवर कांदा भरून नगरच्या मार्केटला न्यायचा. अंगणापलीकडून आईला मुलाचं ताट दिसत नाही, पण ताटावरून तो किती लवकर उठतो ते कळतं. दसऱ्यापासून तो लवकर उठत होता. जेवण झालं की सोडा घ्यायचा. कमरेच्या पट्ट्याला त्यानं खिळ्यानं नवीन भोक पाडलं होतं, तेही तिनं पाहिलं होतं, आणि धंद्याची दगदग असेल म्हणून स्वतःची समजूत घातली होती. तिचा हात सुटला आणि त्याच पानावर मुलगा अडकला.

डॉक्टरणीनं उपाय सांगितला. नगरच्या दवाखान्यात घशातून दुर्बीण घालून पोट आतून पाहायचं. वेळेत सापडलं तर माणूस वाचतो. झुंबरबाईनं त्याच संध्याकाळी सहादेवाला टेम्पो धुताना गाठलं.

"मला काय धाड भरलीय?" तो म्हणाला. "मी आठ वर्सांचा हुतो तवापास्नं तुझ्या हातचा घास खाल्ला न्हाई." हे तो रागानं बोलला नाही. देवी टोचून घेतलेला माणूस साथीच्या दिवसांत बोलतो तसा निर्धास्तपणे बोलला. आईला आपल्या बोलण्याचं काही वाटत असेल, हे त्याच्या डोक्यातही नव्हतं. तात्यांनी पोरगं वाचवलं होतं ते असं.

आता जी एकच बाई कामाला येऊ शकत होती, तिच्याशी झुंबरबाईचं तेवीस वर्षं धड बोलणं नव्हतं. ती म्हणजे तात्यांची बायको, थोरली जाऊ बनुबाई. बनुबाईला आयुष्यात एकच मान होता, तिचा काळा मसाला. दर उन्हाळ्यात ती स्वतः मिरच्या भाजायची, स्वतः कुटायची, कुणाला मुसळाला हात लावू द्यायची नाही, आणि तो मसाला सगळ्या भावकीत वाटला जायचा. लेकी माहेरपणाला आल्या की जाताना डबा घेऊन जायच्या. दुसऱ्या दिवशी नळावर दोघी समोरासमोर आल्या. झुंबरबाईनं तिला पानावर पाहिलेलं सगळं सांगितलं. गोजरबाई सांगितली, नणंद सांगितली, आणि तुझ्या दोन्ही पोरांचेही चौकोन त्याच ओळीखाली आहेत, हेही सांगितलं. मग काय करायचं तिच्या मनात होतं ते सांगितलं. बनुबाईनं हंडा भरला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि निघून गेली.

तिसऱ्या दिवशी भैरोबाच्या देवळात बैठक बसली. पुरुष पुढं, बायका खांबामागं. डॉक्टरणीनं सोप्या भाषेत पुन्हा सगळं सांगितलं आणि रक्त द्यायला, दुर्बीण घालून घ्यायला कोण येतं ते विचारलं. तात्या उठले.

"बाई, आमच्या रक्ताबद्दल बोलताना जपून बोला," ते म्हणाले. "अकरा पिढ्या चोख रक्त हाय हे. यात खोट हाय म्हनलं तर उद्या आमच्या पोरांना पोरी कोन देईल? दुखनं कुटनं आलं ते अख्ख्या गावाला ठावं हाय."

माना हलल्या. भावकीत लग्नाची सात पोरं होती. सातही जणांचे बाप आपापल्या चपला शोधू लागले. सहादेव मागं उभा राहून जांभई देत होता. डॉक्टरणीनं वही मिटली. रक्त मिळणार नव्हतंच, निदान जाता जाता एका बाईच्या माथ्यावरचा डाग तरी पुसावा असं तिला वाटलं असावं.

"एक सांगून जाते," ती म्हणाली. "झुंबरबाईंचा यात..."

"बाई, वाईच थांबा," खांबामागून आवाज आला. झुंबरबाई पदर सावरत पुढं आली. तेवीस वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते डॉक्टरणीच्या ओठांवर होतं, आणि तिनंच ते अडवलं.

"मला कबूल करायचंय," ती म्हणाली. "तुमी समदे म्हनता, झुंबरीच्या हातचं आमी खात न्हाई. पन आक्काच्या घरनं जो काळा मसाला तुमच्या घरात येतोय, त्यो धा वर्सं झाली, मी करते. मिरच्यांनी आक्काच्या हाताची आग हुती, म्हनून मी कुटून देते. ऱ्हावंना म्हनून आज सांगितलं."

तात्यांनी मान वळवून बायकोकडं पाहिलं. बनुबाई पुरुषांच्या बैठकीत जन्मात बोलली नव्हती.

"व्हय," ती म्हणाली. "तिचाच हाय. मला कांडाप झेपत न्हाई."

हे सरसकट, धडधडीत खोटं होतं. त्या मसाल्यातली एकेक मिरची बनुबाईच्या हातची होती, आणि अख्ख्या जन्माची कमाई असलेलं एवढं एक कौतुक तिनं चारचौघांत जावेच्या नावावर करून टाकलं. तिची दोन पोरं पुढच्या रांगेत बसली होती.

विज्ञानाला तीन दिवसांत जे जमलं नव्हतं, ते मसाल्यानं तीन मिनिटांत केलं. एकाला आठवलं की संक्रांतीपासून आपल्या छातीत जळजळतंय. दुसऱ्याचं पोट तिथंच दुखायला लागलं. तात्यांचा एक चुलतभाऊ देवळामागं गेला आणि घशात बोटं घालून दहा वर्षांचा मसाला एका ओकारीत बाहेर काढायच्या खटपटीला लागला. सहादेवाची जांभई अर्ध्यावर राहिली होती. तो आईकडं असा बघत होता की तिला खाली मान घालावी लागली. हे एवढं एक मात्र तिनं आधी ध्यानात घेतलं नव्हतं, की मुलगा असं बघेल. पण आता बोललेलं मागं घेता येत नव्हतं, आणि घ्यायचंही नव्हतं.

तात्या घसा खाकरून म्हणाले, "बाई, ती दुर्बीन कंदी घालता?"

"अन दिलेल्या लेकींनाबी निरोप धाडा," खांबामागून बनुबाई म्हणाली. "डबे त्यांनीबी नेल्यात." त्या दिवशी अकरा पिढ्यांत पहिल्यांदा तात्यांच्या घराण्यानं आपल्या दिलेल्या लेकी मोजल्या.

जीपपाशी डॉक्टरणीनं झुंबरबाईला बाजूला घेतलं. ती चांगलीच रागावली होती. "मी खोटं बोलणार नाही. तिथं आल्यावर एकेकाला समोर बसवून खरं काय ते सांगणार."

"सांगा की," झुंबरबाई म्हणाली. "ऐकनार हायेत व्हय ते?"

आणि तसंच झालं. दवाखान्यात डॉक्टरणीनं प्रत्येकाला कागद काढून दाखवला, रक्त म्हणजे काय, खोट म्हणजे काय, सगळं नीट सांगितलं, मग सही घेतली. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मसाला मनात धरून तोंडं उघडली. रक्ताच्या बाटल्या पुण्याला गेल्या. त्यांचा निकाल यायला वर्षं लागणार होती. दुर्बिणीचा निकाल लवकर आला. चार लेकी धरून सोळा जणांची पोटं पाहिली, पंधरा जणांच्या पोटात काही निघालं नाही. तात्याही त्यांतच होते. "विष पचवायला पोट लागतं," असं ते त्यानंतर स्टँडवर सांगू लागले. सोळावा सहादेव होता. त्याच्या पोटाच्या आतल्या अंगाला शेंगदाण्याएवढी जागा सापडली, आणि डॉक्टर म्हणाले की अजून चार महिने गेले असते तर कळून उपयोग नव्हता. पुण्याला ऑपरेशन झालं. जवळजवळ सगळं पोट काढलं. जीव राहिला.

भावकीला हवा होता तो पुरावा मिळाला. झुंबरीनं कबूल केलं होतं आणि दुर्बिणीला दिसलं होतं. आणखी काय पाहिजे? आता आरोप तीन माणसं मारल्याचा आणि एक जवळजवळ मारल्याचा झाला. बातमी सकाळच्याच गाडीनं पारनेरला पोचली. वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या मानेला पंधरा वर्षं झुंबरबाईच्या हातचं खाऊन दोन वळ्या पडल्या होत्या. ते म्हणाले, "माझा विश्वास नाही हो, पण पालकांचा प्रश्न आहे," आणि त्यांनी तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. परतीच्या गाडीत ती खिडकीकडं तोंड करून रडली. गावचा फाटा आला तेव्हा डोळे पुसले आणि उतरली. दुसऱ्या दिवसापासून ती खुरपायला जाऊ लागली.

सहादेव तीन महिन्यांनी पुण्याहून घरी आला. हाडं मोजून घ्यावीत असा. दिवसातून सहासात वेळा मूठभर खायचं, असं त्याला सांगितलं होतं. आल्यावर दोन दिवस तो आईकडं फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, अंगणात कुणी नव्हतं तेव्हा, तो वीस पावलं चालून आला आणि उंबऱ्यावर बसला.

"डॉक्टरीनबाईंनी तिकडं मला समदं समजावलं," तो म्हणाला. "आधीबी सांगितलं हुतं, मी ऐकलं न्हाई. काल मोठ्या आईला इचारलं. मसाला तुझा न्हवता."

"न्हवता."

"मी आज देवळात समद्यांना सांगतो. रक्तात हाय म्हनून. तुझा काई दोस न्हाई म्हनून."

झुंबरबाई हुलग्याच्या पिठाची शेंगोळी वळत होती. ती वळतच राहिली. "अन मग फुडल्या वर्साला? बाई म्हनती, दरसाल दुर्बीन घालाया पायजे. तू सांगितल्यावर कोन जाईल?"

"खरं कळल्यावर जातील की."

"तू गेल्तास?"

सहादेव उंबऱ्यावरची माती नखानं उकरू लागला.

"माझ्या हाताला समदे भित्यात, लेकरा," ती म्हणाली. "रक्ताला कोन भितंय? रक्ताचा त्यांना गर्व हाय."

"अन तुझं नाव?"

"नावाचं काय लोनचं घालायचंय?" असं म्हणाली खरी, पण तिचा आवाज जागेवर नव्हता, आणि तो सहादेवाला ऐकू आला. तिनं शेंगोळी उकळत्या रश्श्यात सोडली. "तुझ्या निकिताचंबी बघाया पायजे. आता लहान हाय, आठ वर्सांची. मोठी झाली का न्यायची. तवर मी आसंल नसंल. ती म्हनंल, मला काय हुतंय. मग तिला सांगायचं, लहानपनी आजीनं तुला तिच्या हातचं चारलं हुतं. भ्येली का जाईल."

आपल्या नातीनं जन्मभर आपल्याला काय समजावं, तेही ही बाई चुलीपुढं बसून ठरवून मोकळी झाली होती. सहादेवाला स्वतःची लाज वाटली.

"मी तिला खोटं न्हाई सांगायचा," तो शेवटी म्हणाला. त्यानं अंगणाकडं तोंड करून हाक मारली. निकिता शाळेचं दप्तर पाठीवर घेऊनच आली. त्यानं तिला हाताला धरून आत नेलं, चुलीपुढं बसवलं आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसला.

"वाढ," तो म्हणाला. "तिला पोटभर. मला वाईच."

ऐंशी पोरांना न मोजता वाढणाऱ्या झुंबरबाईला त्या दिवशी दोन वाट्या सापडायला वेळ लागला. सहादेवानं चार घास सावकाश चावून खाल्ले. निकितानं नाक पुसत पुसत दोनदा मागून घेतलं. "लई तिखट हाय," ती म्हणाली आणि वाटी पुन्हा पुढं केली.

तात्या तेवढ्यात शेतावरून आले होते. अंगणाच्या मधोमध ते थांबले, उघड्या दारातून त्यांनी चुलीपुढची नात पाहिली, तिच्या हातातली वाटी पाहिली, आणि आपल्या घराकडं वळले. संध्याकाळी त्यांनी सहादेवाच्या बायकोला ओसरीवर बोलावून घेतलं.

"पोरीचं नाव दुर्बिनीच्या यादीत आत्ताच लिवून ठिवा," ते म्हणाले. "तिनंबी खाल्लंय."